लाउडन काउंटीतील डेटा सेंटर उद्योग

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लाउडन काउंटी ही डेटा सेंटरांच्या जगातील सर्वांत मोठ्या समूहांपैकी एकासाठी ओळखली जाते. तेथील ॲशबर्न परिसराला ‘डेटा सेंटर ॲली’ असे म्हणतात. डेटा सेंटरांचा स्थानिक लोकांना आर्थिक लाभ होतो का, या चर्चेत लाउडनचे उदाहरण वारंवार दिले जाते. येथे लाभ मुख्यतः करमहसुलाच्या रूपाने झाला असून गुंतवणुकीच्या मानाने कायमस्वरूपी रोजगार कमी आहे.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाइन (एओएल) या कंपनीचे मुख्यालय काउंटीतील डलस येथे आले. दशकाच्या अखेरीस इक्विनिक्सने ॲशबर्नमध्ये डेटा सेंटर सुरू केले. फायबर केबलचे दाट जाळे आणि उपलब्ध जमीन यांमुळे इतर कंपन्याही तेथे आल्या. पुढे राज्याने पात्र डेटा सेंटरांना संगणक सामग्रीच्या खरेदीवरील विक्रीकरात सूट दिली. त्यासाठी सर्वसाधारणपणे किमान १५ कोटी डॉलरची गुंतवणूक आणि ५० नव्या नोकऱ्या अशी अट आहे.

करमहसूल

राज्याने विक्रीकर माफ केला, तरी व्यवसायांच्या जंगम मालमत्तेवर काउंटी स्वतंत्र कर आकारते. २०२४ मध्ये संगणक सामग्रीवर हा दर प्रत्येक १०० डॉलर मूल्यामागे ४.१५ डॉलर होता. सर्व्हर ठरावीक वर्षांनी बदलले जात असल्याने हे उत्पन्न सुरू राहते. शिवाय निवासी वसाहतींच्या तुलनेत डेटा सेंटरांमुळे शाळांसारख्या सेवांवरील खर्च फारसा वाढत नाही. स्थावर मालमत्ता कराचा दर २०१२ मध्ये १०० डॉलरमागे १.२३५ डॉलर होता. तो २०२५ मध्ये ०.८०५ डॉलरपर्यंत खाली आला. मात्र याच काळात घरांच्या किमती वाढल्याने रहिवाशांचा प्रत्यक्ष कर त्याच प्रमाणात घटला नाही. संगणक सामग्रीचे मूल्य झपाट्याने घसरते, त्यामुळे एकाच उद्योगावर अवलंबून असलेला महसूल अनिश्चित ठरू शकतो.

रोजगार

व्हर्जिनिया विधिमंडळाच्या लेखापरीक्षण व आढावा आयोगाने २०२४ मध्ये या उद्योगाचा अहवाल सादर केला. त्यानुसार राज्यात प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारे ७४,००० नोकऱ्या या उद्योगाशी निगडित आहेत; परंतु आर्थिक लाभाचा मोठा भाग बांधकामाच्या टप्प्यातून येतो. बांधकाम ऐन भरात असताना एका ठिकाणी सुमारे १,५०० कामगार असू शकतात. काम पूर्ण झाल्यावर अडीच लाख चौरस फुटांच्या केंद्रात साधारण ५० पूर्णवेळ कर्मचारी असतात आणि त्यांपैकी जवळपास निम्मे कंत्राटी असतात.

वीज आणि जमीन

करमहसूल काउंटीला मिळत असला, तरी वीजनिर्मिती व पारेषणावरील खर्चाचा भार वीज कंपनीच्या काउंटीबाहेरील ग्राहकांवरही पडू शकतो. वाढत्या मागणीमुळे २०४० पर्यंत घरगुती ग्राहकाचे मासिक वीजबिल १४ ते ३७ डॉलरने वाढू शकते, असा अंदाज याच अहवालात आहे. शीतकरण यंत्रणेचा आवाज, डिझेल जनरेटर आणि उच्चदाब वाहिन्या यांबाबत रहिवाशांच्या तक्रारी आहेत. पूर्वी ठरावीक क्षेत्रांत डेटा सेंटर उभारण्यास वेगळ्या मंजुरीची गरज नसे. मार्च २०२५ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने ही तरतूद रद्द केली. तेव्हापासून नव्या प्रस्तावांना जाहीर सुनावणी व मंडळाची मंजुरी आवश्यक आहे.

इतरत्र लागू होण्याच्या मर्यादा

लाउडनमधील लाभ स्थानिक करव्यवस्थेशी बांधलेला आहे. ओरेगनसारख्या राज्यात ‘एंटरप्राइझ झोन’ योजनेखाली मालमत्ता करातच काही वर्षे सूट दिली जाते. अशा ठिकाणी स्थानिक उत्पन्न कंपनीशी झालेल्या कराराच्या अटींवर आणि सवलतीच्या मुदतीवर अवलंबून राहते.