जीव लागत नाही, हे कुठल्या भाषेत सांगायचं?



आपल्या खटाव, माण, आटपाडी, खानापूर या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायचं कसब घेऊन देशभर गेली. पाऊस बेभरवशाचा, म्हणून गलाईची भट्टी आली. केरळ, तमिळनाडूपासून पार उत्तरेपर्यंत आपली दुकानं आहेत. गावाकडं बांधलेल्या माड्यांबद्दल, देवळाला दिलेल्या देणगीबद्दल आपण बोलतो. पण लग्न होऊन त्या भट्टीमागच्या दोन खोल्यांत गेलेल्या पोरीबद्दल फारसं कोण बोलत नाही.

माझ्या नात्यातली एक बाई अशीच केरळात गेली. भाजी, दूध, भाडं, एवढी मल्याळी ती सहा महिन्यांत शिकली. दुसऱ्या वर्षी तिचं पोटातलं बाळ गेलं. त्यानंतर ती गप्प झाली. नवऱ्यानं दवाखान्यात नेलं. ती मराठीत म्हणाली, "घर खायला उठतं, काळजात धस्स होतं, कशात जीव लागत नाही." नवऱ्यानं डॉक्टरला सांगितलं, "झोप येत नाही म्हणते." तो वाईट माणूस नव्हता. त्याला तेवढंच सांगता आलं. तिला झोपेच्या गोळ्या मिळाल्या. बाळाबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि सासरचं जे बोलणं तिला लागलं होतं, ते नवऱ्यासमोर ती कसं सांगणार? पुढं यमाईच्या यात्रेला ती औंधला आली, तेव्हा बहिणीपुढं दोन तास रडली. बहिणीनं औषध दिलं नाही, फक्त ऐकून घेतलं. मग त्या दोघी मिळून इथल्या डॉक्टरकडं गेल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचं सगळं सांगून झालं.

आपलं म्हणणं आपल्याच तोंडानं मांडता यावं, ही गोष्ट औंधला नवी नाही. 1939 साली औंध संस्थानात स्वराज्याची घटना लागू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन आणि सल्ला द्यायला महात्मा गांधी. संस्थानात 72 गावं होती, ती पण विखुरलेली. औंध, आटपाडी इकडं, तर गुणदाळ पार विजापूरकडं, कानडी मुलखात. त्या घटनेनं गावचा कारभार पंचायतीकडं दिला, छोटे न्यायनिवाडेही गावातच व्हावेत असं ठरलं. गावात निवाडा झाला की फिर्याद आपल्या बोलीत सांगता येते, मधे कुणाला घालावं लागत नाही. तंट्याला जे लागतं, तेच मनाच्या दुखण्यालाही लागतं.

बायकांनी मात्र पंचायतीच्या आधीपासून आपली एक जागा केली होती. ती म्हणजे जातं. पहाटेच्या अंधारात, पुरुष माणूस झोपलेला असताना, ओवीतून सासुरवास, माहेरची ओढ, मेलेलं लेकरू, सगळं बोलून व्हायचं. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून पुण्यात येऊन राहिलेले गी प्वातव्हँ यांनी साथीदारांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरण आली, कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण बोलायची ती जागाही गेली.

आता थोडं लांब जाऊ. 1953 साली फ्रान्ट्झ फॅनन नावाचे डॉक्टर अल्जीरियात ब्लिदा गावच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रोगी अरबी किंवा कबाईली बोलणारे, डॉक्टर फ्रेंच बोलणारे. मधे दुभाषी. दुभाष्याच्या तोंडून मनाचा आजार कळून घेणं किती अवघड असतं, हे फॅनन यांना तिथं रोज दिसत होतं.

आपल्याच उपखंडातले लाखो लोक पुढं इंग्लंडला गेले. कुणाची मातृभाषा उर्दू, कुणाची पंजाबी, कुणाची बंगाली. बाई दवाखान्यात जायची आणि म्हणायची, दिल घबराता है, दिल डूबता है. दुभाष्यानं त्याचं हृदय असं भाषांतर केलं की छातीची तपासणी व्हायची, आणि त्यात काही निघायचं नाही. 1989 साली इंगा-ब्रिट क्राउझ या संशोधक बाईंनी बेडफर्ड गावातल्या पंजाबी लोकांच्या अशा "दिल खचतंय" म्हणण्यावरच अभ्यास लिहिला. शरीर, चिंता आणि अब्रू, या तिन्हींचं दुखणं त्या एका बोलण्यात असतं, हे तिथल्या डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं.

त्याआधी, 1983 साली, कलकत्त्यात जन्मलेल्या जाफर करीम यांनी लंडनमध्ये "नफ्सियात" नावाचं केंद्र काढलं. उर्दूत नफ्सियात म्हणजे मनाचं शास्त्र. तिथं माणसाला त्याच्या भाषेत बोलता येतं, उर्दूतसुद्धा. पण ऐकणारी आपल्याच समाजातली निघाली तर दुसरी भीती असते. गोष्ट घरापर्यंत पोचली तर? म्हणून भाषा आपली हवी, आणि तोंड बंद ठेवणारं माणूसही हवं. नुसती भाषा पुरत नाही.

उर्दू आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. आपल्या गावातल्या कितीतरी मुसलमान मैत्रिणी घरात दखनी बोलतात आणि बांधावर आपल्यासारखी मराठी. आपण मराठीत दिलासा म्हणतो, हिंमत म्हणतो, जखम म्हणतो, इलाज म्हणतो. हे शब्द फारसी-अरबीतून आले, उर्दूतही तेच आहेत. जखमेपासून इलाजापर्यंतचे शब्द आपण वाटूनच घेतलेत.

मग आपण काय करायचं? झिंबाब्वे देशात 2006 पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तिथल्या आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. आजी विचारायची तेही त्यांच्या शोना भाषेतल्या शब्दात, ज्याचा अर्थ होतो "फार विचार करणं". आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं नाही, म्हणून बायका मोकळ्या झाल्या. पुढं रीतसर अभ्यास झाला, तेव्हा या बोलण्यानं खरंच फरक पडतो असं दिसलं.

आपल्याकडं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की उपचाराची माहिती माणसाला समजेल त्या भाषेतच द्यायची आणि मगच संमती घ्यायची. हा तुमचा हक्क आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे. नंबर 14416. फुकट आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठी निवडता येते. चेन्नईतल्या तुमच्या लेकीला हा नंबर आजच पाठवा.

गटातल्या बायांना माझं एवढंच सांगणं. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की यादी करा, आपल्या गावची कोण कोण परमुलखात आहे. एकेकीनं एकेकीला आठवड्याला फोन करा. "जेवलीस का" विचारून झालं की "जीव लागतो का गं तिथं?" एवढं विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. दवाखान्यात जायची वेळ आली तर लहान पोराला दुभाषा करू नका. आईचं दुःख त्याच्या तोंडी घालायचं वय नसतं त्याचं. जीव द्यायची भाषा कुणी केली तर तिला एकटी सोडू नका, लगेच डॉक्टरकडं न्या. आणि जे ऐकाल ते चावडीवर नेऊ नका.

जातं गेलं, पण फोन तर हातात आहे.