मडगार्डवरचे बोल्ट

जपानी कारागीर अकिरा नाकाई आधी चाकाच्या कमानीवर मास्किंग टेप चिकटवतात, मग हवेवर चालणारी करवत हातात घेऊन चांगल्या धडधाकट पोर्शे ९११चा पत्रा कापायला लागतात. मालक शेजारीच उभा असतो, बहुधा श्वास रोखून. त्या भगदाडावर फायबरचं रुंद मडगार्ड बसतं, स्क्रूंनी आवळलं जातं. उरलेल्या फटीत काळं सीलंट भरून नाकाई त्यावरून बोट फिरवतात.

या रुंद मडगार्डचं मूळ टायरात आहे. वळणावर पकड हवी म्हणून शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद होत गेले आणि बॉडीबाहेर डोकावू लागले. ते झाकायचे तर मडगार्ड फुगवणं आलंच. १९६९च्या चार दारांच्या निसान स्कायलाइन जीटी-आरची मागची कमान कंपनीनंच मोठी केली. त्यापायी साध्या स्कायलाइनच्या बाजूवर असलेली डौलदार रेघ गेली. पुढच्या वर्षीच्या दोन दारांच्या गाडीला तर मागच्या चाकांवर वेगळे काळे तुकडेच जोडले. गाडीच्या रंगाशी जुळवण्याची तसदीही घेतली नाही. मला तरी तो प्रामाणिकपणा आवडतो.

पुढची करामत जर्मनांची. १९७६च्या ग्रुप ५ शर्यतींच्या नियमांत छप्पर, दारं, बॉनेट मूळ गाडीचंच हवं होतं. मडगार्डला मात्र मोकळीक होती. पोर्शेच्या नॉर्बर्ट सिंगर यांनी ते कलम वकिलाच्या नजरेनं वाचलं. ९११चे दिवे मडगार्डातच असतात. मडगार्ड मोकळं, तर दिवेही मोकळे! त्यांनी ते खाली बंपरात नेले आणि ९११वर बेतलेल्या शर्यतीच्या ९३५चं नाक चपटं झालं. याच ९३५वरून तयार केलेल्या, कोलोनच्या क्रेमर बंधूंच्या के३नं १९७९ साली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली.

जपानमध्ये फुजीच्या ट्रॅकवर असल्याच फुगीर गाड्या धावत. त्या बघायला येणारी पोरं आपल्या साध्या गाड्यांनाही तसंच रूप देऊ लागली. शर्यतीशी असलेलं नातं इथं सुटलं, हौस उरली. त्याच हौसेत वाढलेल्या वातारू कातोंनी पुढे थेट लॅम्बोर्गिनी-फेरारीचे पत्रे कापले, तेव्हा भल्याभल्यांनी कपाळावर हात मारला. क्योतोचे केई मिउरा गाडी स्कॅन करून संगणकावर मडगार्ड आखतात. बोल्ट मात्र तेही उघडेच ठेवतात.

धडक बसली की तुकडा चटकन काढून दुसरा लावता यावा, ही त्या उघड्या बोल्टांमागची सोय. आता त्यांचा दागिना झालाय. बाजारात दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या पट्ट्याही मिळतात, वर बोल्टची नुसती डोकी. खाली कमान शाबूत, आणि टायर तोच, कंपनीतून आलेला.