माशाच्या कातडीची मलमपट्टी

कॉलेजन म्हणजे आपल्या त्वचेला मजबुती देणारं प्रथिन. मोठी जखम भरताना नव्या पेशींना वर चढायला जाळी लागते, ती कॉलेजनची बनवून बाहेरून लावता येते. हे कॉलेजन बहुतेक गाय किंवा डुकरापासून मिळतं, म्हणून "डॉक्टर, हे कशाचं आहे?" हा सवाल आपल्या घरांत येतोच. मासा जिबह न करताही हलाल, त्यामुळे तिथे हा सवालच उरत नाही.

आइसलँडमधल्या केरेसिस कंपनीने अटलांटिक कॉड माशाची कातडी यासाठी वापरली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिला मंजुरी दिली. जनावरांच्या कातडीतले विषाणू मारायला कडक प्रक्रिया करावी लागते. थंड पाण्यातल्या कॉडपासून माणसाला तसा धोका नाही, म्हणून हलक्या हाताने काम भागतं आणि कातडीतली मूळ जाळी, ओमेगा-३ टिकून राहतं. मधुमेहाच्या रुग्णांच्या पायावरच्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांवर ती लावतात.

ब्राझीलमध्ये फोर्तालेझाच्या डॉक्टरांनी भाजलेल्या रुग्णांवर तिलापिया माशाची निर्जंतुक केलेली कातडी लावली. ती जखमेला चिकटून बसते, रोज पट्टी सोडवायच्या यातना वाचतात. (घरात भाजलेलं माणूस ज्यांनी सांभाळलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.) आणि ही कातडी एरवी कचऱ्यातच जायची!

माशाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र हे चालत नाही, डॉक्टरांना आधीच सांगा. बाजारातल्या माशाची कातडी घरच्या घरी जखमेवर अजिबात लावू नका, जंतुसंसर्ग होईल.