मेळघाटातल्या माणसाला मलेरिया ‘बाधत’ का नाही?

मेळघाटात बदली म्हणजे शिक्षा, असं आपल्या अमरावती-अकोल्याकडे पूर्वीपासून समजतात. त्यात हिवतापाच्या धास्तीचा वाटा मोठा. बाहेरचा माणूस एका पावसाळ्यात आडवा होतो, गावातला कोरकू माणूस मात्र शेतावर जातो. त्याचं रक्तच वेगळं, असं तुम्हीही ऐकलं असेल.

रक्तात फरक असतो, पण तो बराचसा कमावलेला. १९०० च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांना न्यू गिनीत दिसलं की मलेरियाचे जंतू लहान मुलांच्या रक्तात भरपूर आणि मोठ्यांच्या रक्तात क्वचितच सापडतात. १९२४ मध्ये ख्रिस्तोफर्स यांनी आपल्याकडच्या सिंगभूममधून तसंच चित्र मांडलं. म्हणजे लहानपणी पुन्हा पुन्हा ताप काढून जी मुलं वाचली, ती तगली. न वाचलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

पण तगवतं काय? उत्तर १९६१ मध्ये गॅम्बियात मिळालं. कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी तिथल्या निरोगी प्रौढांच्या रक्तातला गॅमा ग्लोब्युलिन हा प्रथिनांचा भाग वेगळा काढला (प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, यातच असतात) आणि मलेरियाने आजारी मुलांना टोचला. काही दिवसांत जंतू झपाट्याने घटले. ब्रिटनमधल्या प्रौढांच्या ग्लोब्युलिनने तसं झालं नाही. मला हा प्रयोग फार आवडतो; इतका साधा!

तांबडी पेशी फुटून बाहेर पडलेला जंतू दुसऱ्या पेशीत शिरण्याआधीच प्रतिपिंडं त्याला गाठतात. मात्र डासांकडे जाणारी जंतूंची अवस्था गॅम्बियातल्या त्या मुलांमध्येही तशीच राहिली होती. म्हणून ताप नसलेल्या धडधाकट माणसाकडूनही डासामार्फत शेजारच्या लेकराला मलेरिया होऊ शकतो.

ही ताकद अर्धवट असते आणि टिकाऊही नसते. कामासाठी काही वर्षं पुण्या-मुंबईला राहिलेला धारणीचा तरुण दिवाळीला घरी आला, की त्याने स्वतःला जवळजवळ पाहुणाच समजावं. पहिलटकरणीचं आणखी अवघड. फाल्सिपॅरमचे जंतू वारेत चिकटून बसतात ते वेगळ्याच पृष्ठभागाचे. तिची जुनी प्रतिपिंडं त्यांना ओळखतच नाहीत. त्यामुळे तिला ताप आला, तर ‘आम्हाला सवय आहे’ म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.