साठी, म्हातारचळ आणि एक्कावन्न वर्षांची बाई

आपल्या शहरात, गुलमंडीचा जुना वाडा असो की सिडकोतलं घर, आजोबा तेच तेच विचारायला लागले की पहिलं ऐकू येतं ‘साठी बुद्धी नाठी’. मग जरा खालच्या आवाजात, ‘म्हातारचळ’. आज या शब्दांकडे बघू, कारण डॉक्टरकडे जायचं की नाही हे पुष्कळ घरांत तेच ठरवतात.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे नावाची बाई दाखल झाली. वय ५१. म्हणजे साठीला नऊ वर्षं बाकी! आधी दिसला तो नवऱ्यावरचा संशय; विस्मरण वाढत गेलं ते मागाहून. तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस आल्झायमर. १९०६ मध्ये ती वारली, त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत निष्कर्ष मांडले. सभेत कुणी एक प्रश्नही विचारला नाही. आजाराला त्यांचं नाव मिळालं १९१० साली, क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकात.

तो संशय लक्षात ठेवा. आपल्याकडे आजी म्हणते, ‘सूनबाईनं माझ्या पाटल्या चोरल्या.’ सून रडते, मुलगा आईवर ओरडतो आणि शेजारी ठरवून टाकतात, म्हातारी मुळातच खाष्ट.

‘म्हातारचळ’ त्याहून वाईट, कारण त्यात थेट चारित्र्यावर बोट. मेंदूचा पुढचा भाग झिजला की माणसाची भीडच सुटते, हे आपण धरतच नाही.

बरं, शास्त्रीय शब्द घेऊ: ‘स्मृतिभ्रंश’. तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तिथे क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, अशी उतरंड आहे. गीतेला आजार सांगायचा नव्हता, हे उघड आहे. पण पैठणच्या परिसरात, जिथे ज्ञानेश्वरी कीर्तनातून कानावर पडते, तिथे या शब्दाला दोषाचा वास येतो, असं मला वाटतं.

याची किंमत मोजावी लागते. थायरॉईड बिघडलं, बी-१२ कमी झालं, तरी विसरायला होतं. ते उपचारानं सुधारू शकतं. ‘वय झालं’ म्हणून घाटीची पायरीच चढली नाही, तर कळणार कसं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ जरूर बघा. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित आहेत, हत्तीमागे जाऊन हरवतात. त्यांना सांभाळते माहुताची बायको, अमृता सुभाष. तिला आजाराचं नाव ठाऊक नाही. ती त्यांना जेवायला घालते.