रुप्याचे कडे आणि बालकाची कवटी

१७३६ साली लंडनचे शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर एका कापड रंगविणाऱ्याकडे जेवावयास गेले असता, वाढलेल्या डुकराच्या मांसातील हाडे त्यांना तांबडीलाल दिसली. त्या जनावराच्या खाण्यात मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाचा रंग गेला होता. ही हकीकत पॅरिसला पोहोचली. तेथील दुहामेल द्यु मोन्सो यांनी १७४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आणखी एक प्रयोग केला. वाढत्या वयाच्या प्राण्याच्या हाडाभोवती त्यांनी रुप्याच्या तारेचे कडे बसविले. काही काळाने पाहतात तो कडे हाडाच्या आत, मज्जेच्या पोकळीत! कडे जागचे हलले नव्हते. हाडच त्याला ओलांडून बाहेर गेले होते. दुहामेल यांना याचे कारण नीट उमगले नाही. हाड बाहेरून भरते आणि आतून झिजते, हा उलगडा पुढे जॉन हंटर यांनी केला.

आता बालकांच्या कवटीकडे वळू. काही मुलांच्या कवटीच्या शिवणी अकाली जुळून येतात. आतला मेंदू तर पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने वाढत असतो. अशा वेळी हाडाचे तुकडे सुटे करून नव्याने मांडावे लागतात. पॉल तेसिए यांनी १९६७ साली रोमच्या परिषदेत आपले काम मांडल्यावर या शस्त्रक्रियेला मोठी चालना मिळाली. तुकडे जखडण्यास प्रथम तारा असत. १९८० नंतर टायटॅनियमच्या चिमुकल्या पट्ट्या व स्क्रू आले. शरीर हा धातू निमूटपणे सोसते, म्हणून तो सर्वांना निर्धोक वाटला. प्रौढांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही होते.

परंतु १९९० नंतरच्या दशकात, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या मुलांत बाहेर बसविलेल्या पट्ट्या कवटीच्या आतल्या बाजूस आढळू लागल्या. काही स्क्रूंची टोके मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचली होती. रुप्याच्या कड्याचीच ही कहाणी; अडीचशे वर्षे ती ग्रंथांत पडून होती, आणि शस्त्रवैद्यांना ती पुन्हा मुलांच्या डोक्यात वाचावी लागली, हे मला अधिक खेदाचे वाटते. बहुतेक मुलांना त्यामुळे काही त्रास झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. खरा धोका पुन्हा कवटी उघडताना. आत रुतलेला धातू काढू जाता मेंदूच्या आवरणास इजा होण्याची भीती असते.

१९९६ च्या सुमारास अमेरिकेत, सुमारे वर्षभरात शरीरात विरून जाणाऱ्या पट्ट्या आल्या. त्या दुधाम्लापासून केलेल्या असतात. लहानग्यांसाठी आज बहुधा त्याच वापरतात. मात्र त्या विरताना काहींच्या त्वचेखाली सूज येते, आणि धातूच्या मानाने त्या जाडही असतात.