२,१४,७४,८३,६४७ : गणिताची मूळ संख्या, संगणकाची लक्ष्मणरेषा

डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाईल’ या कोरियन गाण्यामुळे एक संख्या जगभर चर्चेत आली. एखादा व्हिडिओ २,१४,७४,८३,६४७ पेक्षा जास्त वेळा पाहिला जाईल असं वाटलंच नव्हतं, असं तेव्हा यूट्यूबने सांगितलं. दोनशे चौदा कोटी, चौऱ्याहत्तर लाख, त्र्याऐंशी हजार, सहाशे सत्तेचाळीस. मर्यादाच घालायची, तर सरळ दोनशे कोटींची का नाही?

कारण संगणक फक्त ० आणि १ ओळखतो. अनेक प्रोग्रॅममध्ये एका संख्येसाठी ३२ घरं असतात. एक घर अधिक-उणे चिन्हासाठी जातं. उरलेल्या ३१ घरांत सगळीकडे १ भरला की हीच संख्या मिळते : २ चा ३१ वा घात, वजा १. त्यात आणखी १ मिळवला, तर तो चिन्हाच्या घरात शिरतो आणि उत्तर येतं उणे २,१४,७४,८३,६४८! गाडीचा जुना मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतो, तसाच प्रकार. इथे मात्र थेट उण्यात.

गणितात ही संख्या त्याआधीच नावाजलेली होती. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. हे लेओनार्ड ऑयलरने सिद्ध केलं; त्याचं पत्र १७७२ मध्ये प्रसिद्ध झालं. सरळ पद्धतीने गेलं तर ४६,३४० पर्यंतच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. पण हिला भाग जाणारी कोणतीही मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे ऑयलरला ठाऊक होतं. या चाळणीतून शंभराहूनही कमी संख्या उरतात. सगळं हाताने करायचं असताना ही केवढी सोय!

हिला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही ‘परिपूर्ण’ संख्या मिळते. ६ = १ + २ + ३ तशीच, स्वतःहून लहान असलेल्या आपल्या सगळ्या विभाजकांच्या बेरजेइतकी. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं, की अशा संख्यांचा काही उपयोग नसल्याने याच्या पुढची कोणी शोधणार नाही. हा अंदाज साफ चुकला.

एक गैरसमज मात्र नको. मूळ संख्या आहे म्हणून संगणकाने ती निवडली, असं नाही. तो योगायोग आहे. यूट्यूबने नंतर वापरलेल्या ६४ घरांच्या मोजणीची मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ आहे. तिला ७ ने सहज भाग जातो.

जुनी मर्यादा अजून संपलेली नाही. अनेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. ३२ घरांवरच अडलेल्या यंत्रणांचा शेवटचा सेकंद भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येईल. त्याआधी दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या सेकंदाला त्यांच्यावर डिसेंबर १९०१ मधली तारीख दिसेल.